जितके–तितके आणि इंग्रजीतले दोन ‘द’

‘द मोर यू रीड, द मोर यू लर्न.’ इंग्रजीच्या तासाला कधी ना कधी हे वाक्य फळ्यावर येतेच. त्याखाली सूत्र येते : आधी ‘द’, मग कम्पॅरेटिव्ह डिग्री, मग कर्ता, मग क्रियापद, स्वल्पविराम आणि पुन्हा तोच क्रम. मुले सूत्र वहीत उतरवून घेतात, पाठ करतात आणि परीक्षेत ‘मोर यू विल रीड, मोर यू विल लर्न’ असे लिहून येतात. पेपरावर लाल रेघ पडते. मूल मराठी किंवा उर्दू माध्यमातले असेल, तर रेघेसोबत एक शेराही मिळतो : ‘मातृभाषेत विचार करतो, म्हणून चुकतो.’

हा शेरा मला मान्य नाही. या वाक्यापुरता तर मुळीच नाही. हे मूल मातृभाषेत विचार करते म्हणून चुकत नाही. मातृभाषेत सुरू झालेला त्याचा विचार आपण अर्ध्यावर तोडतो, म्हणून ते चुकते. तो विचार शेवटपर्यंत जाऊ दिला, तर इंग्रजीतली ही अवघड समजली जाणारी रचना एका तासात कळण्यासारखी आहे. कसे ते सांगतो.

मराठीत हेच वाक्य ‘जितके वाचाल तितके शिकाल’ असे होते. उर्दूत ‘जितना पढोगे उतना सीखोगे’. आपल्या घरांतल्या दखनीत ‘जित्ता’ आणि ‘उत्ता’. म्हणजे महाराष्ट्रातल्या एखाद्या मुस्लिम घरातले मूल इंग्रजीच्या तासाला बसते, तेव्हा हा साचा दोन-तीन भाषांत घेऊनच बसलेले असते. मकतबात कुरआनचे नाझरा वाचन झालेले असेल, तर ‘कुल्लमा’ हा अरबी शब्दही त्याच्या ओठांवरून गेलेला असतो. कुरआनात तो ‘जेव्हा जेव्हा’ या अर्थाने येतो. आजच्या अरबीत ‘जसजसे अमुक, तसतसे तमुक’ म्हणायलाही हाच शब्द वापरतात. इतकी शिदोरी असलेल्या मुलाला आपण सांगतो, ते सगळे विसर आणि हे सूत्र पाठ कर.

आता या भाषा एकमेकींशेजारी ठेवून पाहू. मराठीत ‘ज’ आणि ‘त’ ही जोडी फार मोठे काम करते. जो–तो, जेव्हा–तेव्हा, जिथे–तिथे, जसा–तसा, जितका–तितका. ‘ज’ ज्या वाक्याला लागतो ते अटीचे किंवा कारणाचे. ‘त’ ज्याला लागतो ते परिणामाचे, म्हणजेच मुख्य वाक्य. दोघांच्या अंगावर ओळख लिहिलेली आहे. म्हणून मराठीत आपण त्यांच्या जागा सहज बदलू शकतो. ‘तितकेच शिकाल, जितके वाचाल’ असे म्हटले तरी वाचन हे कारण आणि शिकणे हा परिणाम, हे बदलत नाही. उर्दूत ‘जितना–उतना’ हेच करतात. अरबीत तर ‘कुल्लमा’ फक्त अटीच्या बाजूला लागतो, परिणामाच्या बाजूला तो पुन्हा लावू नये असा नियम आहे. आज अनेक जण तो दोन्हीकडे लावतात आणि अरबीचे जाणकार त्यावर बोट ठेवतात. जर्मन भाषेतही एका बाजूला ‘ये’ आणि दुसऱ्या बाजूला ‘डेस्टो’, असे दोन वेगळे शब्द आहेत.

इंग्रजीत मात्र दोन्हीकडे ‘द’. इकडेही ‘द मोर’, तिकडेही ‘द मोर’. अंगावर ओळख नाही. मग कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे ओळखायचे कशावरून? जागेवरून. जे आधी आले ते कारण, जे नंतर आले तो परिणाम. ‘द मोर यू रीड, द मोर यू लर्न’ याचा अर्थ जितके वाचाल तितके शिकाल. तुकडे उलटे करून ‘द मोर यू लर्न, द मोर यू रीड’ म्हटले, तर अर्थच उलटतो : जितके शिकाल तितके वाचत जाल. मराठीत जे काम ‘ज’ आणि ‘त’ ही अक्षरे करतात, ते इंग्रजीत शब्दांची जागा करते. या रचनेत शब्दक्रम इतका ताठ का, याचे उत्तर या एका वाक्यात आहे, आणि सूत्र पाठ करणाऱ्या मुलाला ते कुणी सांगितलेले नसते.

दुसरा तुकडाच मुख्य वाक्य आहे, याची खूण इंग्रजीतही सापडते. वाक्याच्या शेवटी ‘नाही का?’ अशा अर्थाचे शेपूट जोडून पाहा. ‘द लाउडर आय स्पीक, द लेस यू लिसन, डोन्ट यू?’ शेपटात ‘डोन्ट यू’ आले, ‘डोन्ट आय’ नाही. म्हणजे शेपूट दुसऱ्या तुकड्याला जोडले गेले. दिसायला दोघे जुळे, पण घरचा कर्ता दुसरा. पीटर क्युलिकव्हर आणि रे जॅकेंडॉफ या भाषाशास्त्रज्ञांनी १९९९ साली या रचनेवर सविस्तर लेख लिहिला, त्यातला हा एक मुख्य मुद्दा आहे.

काळाची चूकही इथेच सुटते. मुले ‘द मोर यू विल रीड’ का लिहितात? कारण मराठीत दोन्हीकडे भविष्यकाळ असतो : वाचाल, शिकाल. इंग्रजीत अटीच्या वाक्यात साधा वर्तमानकाळ वापरतात आणि ‘विल’ परिणामाच्या वाक्यात जाते. ‘इफ’च्या वाक्यात हा नियम मुलांना आधीच शिकवलेला असतो. ‘इफ यू रीड, यू विल लर्न.’ पहिला ‘द’ हा ‘जितके’ आहे, म्हणजे एका अर्थी ‘जर’चाच भाऊ आहे, हे कळले की ‘द मोर यू रीड, द मोर यू विल लर्न’ आपोआप जमते. वेगळा नियम लागत नाही.

आता त्या ‘द’बद्दल. मुले तो गाळतात, कारण त्यांना तो आर्टिकल वाटतो, आणि आर्टिकल म्हणजे मराठीत नसलेली, विसरली तरी चालेल अशी वस्तू. खरे तर हा ‘द’ नामाआधी येणारा नेहमीचा ‘द’ नव्हेच. जुन्या इंग्रजीत दर्शक सर्वनामाला विभक्ती लागत असे. त्यातल्या तृतीया विभक्तीचे, म्हणजे साधन किंवा प्रमाण सांगणारे, एक रूप झिजत झिजत ‘द’ झाले. त्याचा अर्थ ‘तितक्याने’, ‘त्या मानाने’. ‘नेव्हरदलेस’ या शब्दाच्या पोटात जो ‘द’ आहे, तोही हाच. ‘ऑल द बेटर’मधलाही हाच. म्हणजे ‘जितके–तितके’ इंग्रजीतून हरवलेले नाहीत, ते ‘द’च्या वेषात बसले आहेत. ‘मोर यू रीड, मोर यू लर्न’ असे लिहिणे म्हणजे मराठीत ‘जास्त वाचाल, जास्त शिकाल’ असे म्हणणे. बोलताना चालून जाईल, पण जोडी तुटली. एवढे सांगितले की आठवीतले मूलही ‘द’ गाळणार नाही. जी गोष्ट बिनअर्थाची वाटते ती विसरते. अर्थ कळला की राहते.

खरी अडचण उरते ती तिसऱ्या ठिकाणी. मराठीत ‘जितका’ वाक्यात कुठेही बसू शकतो. ‘पेपर जितका कठीण असेल’, ‘जितका कठीण पेपर असेल’, दोन्ही चालते. इंग्रजीत तो शब्द तुकड्याच्या अगदी पुढे यायला हवा, आणि येताना एकटा येत नाही. ज्या विशेषणाशी त्याचे लग्न झाले आहे, त्याला सोबत घेऊनच येतो. ‘द मोर डिफिकल्ट द पेपर इज’ हे बरोबर. ‘द मोर द पेपर इज डिफिकल्ट’ हे चूक. नामाचेही तसेच. पुस्तकांची संख्या सांगायची असेल तर ‘द मोर बुक्स यू रीड’ म्हणायचे. ‘बुक्स’ मागे सोडून यायचे नाही. आणि जिथे एकाच शब्दात काम होते, तिथे ‘मोर’ची गरज नसते. ‘द मोर यू स्टडी हार्ड’ असे न लिहिता ‘द हार्डर यू स्टडी’. मुलाला सांगायचे ते इतकेच : ‘जितका’ला पुढे ओढ, आणि त्याच्याबरोबर त्याचा जोडीदारही ओढ. बाकी कर्ता आणि क्रियापद आपल्या नेहमीच्या क्रमाने मागे राहतील.

हा शेवटचा मुद्दा ठासून सांगायला हवा, कारण इथे आपल्याच शिकवण्याने गोंधळ होतो. वाक्यरूपांतराच्या धड्यात ‘नो सूनर... दॅन’ असते. त्यात सहायक क्रियापद कर्त्याच्या पुढे उडी मारते : ‘नो सूनर डिड द बेल रिंग’. कारण पुढे आलेला शब्द नकारी आहे. मुले ‘द सूनर’ पाहतात आणि तिथेही ‘डू’ किंवा ‘विल’ पुढे आणतात. ‘द सूनर विल यू कम’ असले काहीतरी तयार होते. ‘द सूनर यू कम, द बेटर’ यात नकार नाही, म्हणून उडीही नाही. पहिल्या तुकड्यात तर ती कधीच चालत नाही. दुसऱ्या तुकड्यात, लेखी आणि जड इंग्रजीत, क्वचित क्रियापद आधी येते : ‘द मोर ही रेड, द ग्रेटर वॉज हिज सरप्राइज’. वाचताना ते ओळखता यावे; शाळेत लिहिताना टाळलेले बरे.

आणखी एक ठिकाण असे आहे जिथे मराठी चक्क हात देते. ‘द हायर द माउंटन, द कोल्डर द एअर.’ यात क्रियापद कुठे गेले, असे मुले विचारतात. त्यांना मराठीत विचारा : ‘डोंगर जितका उंच, तितकी हवा थंड’ यात क्रियापद कुठे आहे? आपणही ‘असते’ गाळतोच. आपल्या म्हणी तर याच्याही पुढे गेल्या आहेत. ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ यात क्रियापद नाही आणि ‘जितक्या’सुद्धा नाही. ‘देश तसा वेश’ यात ‘जसा’ नाही. इंग्रजीतली ‘द मोर द मेरियर’ ही म्हण याच जातीची. जॉन हेवूड यांच्या १५४६ सालच्या म्हणींच्या संग्रहात ती आहे, म्हणजे निदान पावणेपाचशे वर्षे जुनी. एक पथ्य मात्र आहे : नामाऐवजी ‘ही’, ‘शी’, ‘दे’ असे सर्वनाम असेल, तर इंग्रजीत क्रियापद गाळत नाहीत.

आणि कधी परिणामाचा तुकडा आधी ठेवायचा असेल तर? तेही इंग्रजीत जमते, पण मग तो तुकडा आपला ‘द’ काढून ठेवतो आणि साध्या वाक्यासारखा सरळ चालतो. ‘यू लर्न मोर द मोर यू रीड.’ जागा बदलली, म्हणून वेष बदलला. नाहीतर कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे कळलेच नसते. पुन्हा तेच : जिथे अक्षरावर ओळख नाही, तिथे जागा सांभाळावी लागते.

यावर इंग्रजीचे काही शिक्षक म्हणतील, एवढा पसारा कशाला? ही रचना व्याकरणाच्या सर्वसाधारण नियमांत बसतच नाही, ती साचा म्हणूनच लक्षात ठेवायची असते. त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. चार्ल्स फिलमोर, पॉल के आणि मेरी कॅथरीन ओकॉनर यांनी १९८८ साली एका गाजलेल्या लेखात याच रचनेचे उदाहरण देऊन दाखवले होते की, भाषेत असे काही साचे असतात जे साचे म्हणूनच शिकावे लागतात. पण साचा लक्षात ठेवणे वेगळे आणि अर्थाशिवाय पाठ करणे वेगळे. इंग्रजी बोलणाऱ्या घरातले मूल हा साचा हजार वेळा ऐकते, म्हणून त्याला समजावून द्यावे लागत नाही. मालेगावच्या किंवा मिरजेच्या मुलाला तो ऐकायला मिळतो कुठे? जे कानाने मिळत नाही ते समजुतीने भरून काढावे लागते, आणि समजूत त्याच भाषेत येते जी आपल्याला येते.

दुसरा आक्षेप असा की, शब्दाला शब्द लावण्यानेच तर चुका होतात, म्हणून मातृभाषा वर्गाबाहेर ठेवा. पण ती बाहेर राहत नाही. फळ्यावर बंदी घातली तरी मूल मनात भाषांतर करतेच, फक्त ते एकट्याने, चोरून आणि अर्धवट करते. त्यापेक्षा ते उघड्यावर आणावे. दोन वाक्ये शेजारी मांडावीत, कुठे जुळते आणि कुठे वाट फुटते ते दाखवावे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने मराठी माणसांच्या कित्येक पिढ्यांना इंग्रजी शिकवले ते दोन्ही भाषा समोरासमोर ठेवूनच. ती पुस्तके आज जशीच्या तशी वापरावीत असे मी म्हणत नाही. पण त्या पद्धतीतला शहाणपणा आपण फारच लवकर टाकून दिला.

हा प्रश्न एका वाक्याचा असता, तर एवढे लिहिले नसते. विज्ञानाचे पुस्तक उघडा. तापमान कायम ठेवले तर वायूचे आकारमान जितके कमी, तितका त्याचा दाब जास्त : ‘द स्मॉलर द व्हॉल्यूम, द ग्रेटर द प्रेशर’. गणितातले समचलन आणि व्यस्त चलन याच रचनेत बोलते. ज्या मुलाला हे वाक्य ‘सूत्र’ म्हणून भेटले, ते इंग्रजीत अडते आणि मग विज्ञानातही मागे पडते. त्याला दाब आणि आकारमान समजत नाही असे आपण ठरवून टाकतो. प्रत्यक्षात त्याला दोन ‘द’ समजलेले नसतात.

आणि शेवटी, आपल्या समाजात सध्या फार ऐकू येणारे एक वाक्य याच साच्यात बसलेले आहे : इंग्रजी जितक्या लवकर, तितके चांगले. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी आणि इतर माध्यमांच्या शाळांतही इंग्रजी पहिलीपासून आहे. तरी अनेक अब्बा-अम्मींना ते पुरेसे वाटत नाही. ऐपत नसताना फी भरून मूल इंग्रजी माध्यमात घातले जाते, घरी मराठीही नको आणि उर्दूही नको असे बजावले जाते. त्यामागची कळकळ मला समजते. नोकरीच्या मुलाखतीत कुणाला काय भोगावे लागते, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. पण हे वाक्य नीट तपासायला हवे. ‘जितके–तितके’ या साच्याचा एक गुण आणि एक धोका आहे. त्यात घातलेली कोणतीही गोष्ट निसर्गनियमासारखी वाटू लागते. ‘मीठ जितके जास्त, तितकी बिर्याणी चवदार’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे. बिर्याणी मात्र तोंडात घालवणार नाही. हा साचा फक्त दिशा सांगतो; कुठे थांबायचे ते सांगत नाही, आणि दोन गोष्टींचा संबंध खरोखर आहे की नाही याचीही हमी देत नाही. ती तपासणी आपण करायची असते.

माझ्या मते खरा संबंध वेगळा आहे. मुलाची पहिली भाषा जितकी पक्की, तितकी दुसरी भाषा त्याला लवकर समजते. ज्याला ‘ज’ आणि ‘त’ काय करतात हे कळले, त्याला दोन ‘द’ काय करतात हे सांगायला पाच मिनिटे पुरतात. ज्याची मराठी सुटली, उर्दू धरली नाही आणि इंग्रजी फक्त सूत्रांत आली, त्याला समजावून सांगायचे कोणत्या भाषेत?

म्हणून इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांना आणि घरी अभ्यास घेणाऱ्या थोरल्या भावा-बहिणींना एक विनंती. पुढच्या वेळी हे वाक्य आले, की सूत्र लिहिण्याआधी मुलाला तेच मराठीत किंवा उर्दूत म्हणायला लावा. मग तीन प्रश्न विचारा. यात ‘जितके’ कुठे आहे? त्याचा जोडीदार शब्द कोणता? कारण कोणते आणि परिणाम कोणता? उत्तरे आली की इंग्रजी वाक्य मुलालाच रचू द्या. पहिल्या दोन-तीन वेळा चुकेल. पण ती चूक कुठे झाली, हे त्याला स्वतःला सांगता येईल, आणि मग लाल रेघेची गरज उरणार नाही.